चार अंशांचं पाणी

एक हजार लिटर पाणी घ्या आणि ते २४ अंश सेल्सियसवरून २५ अंशांवर न्या. पाणी किंचित फुगतं. आता पहिल्याएवढ्याच जागेत मावणारं पाणी वजनाला साधारण पाव किलोने कमी भरतं. टनामागे पाव किलो, म्हणजे तसं पाहिलं तर काहीच नाही. पण मोठ्या सरोवरात कुठलं पाणी वर राहील, कुठलं तळाशी जाईल, तळाच्या जिवांना ऑक्सिजन मिळेल की ते गुदमरतील, हे एवढ्याशा फरकावर ठरतं.

काठावरून बघताना सरोवर एकसंध दिसतं. प्रत्यक्षात वर्षाचे कित्येक महिने ते मजल्यामजल्यांचं असतं आणि त्या मजल्यांमध्ये जवळपास जा-ये नसते. मग एखाद्या ऋतूत मजले मोडतात, पाणी वरपासून तळापर्यंत घुसळून निघतं आणि काही काळाने पुन्हा मजले बांधले जातात. हे का घडतं, कसं घडतं आणि कुठे घडायचं थांबतं, ते या लेखात बघू.

सुरुवात पाण्याच्या एका विचित्र सवयीपासून करावी लागेल. बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात आणि आकसले की जड होतात. पाणीही तसंच वागतं, पण जेमतेम ४ अंशांपर्यंत. त्याखाली गार करत गेलं की ते उलट फुगायला लागतं. कारण रेणूंच्या जोडणीत आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. कोमट पाण्यात त्यांची धावपळ इतकी असते की हे बंध क्षणोक्षणी तुटतात, नव्याने जुळतात आणि रेणू दाटीवाटीने एकमेकांत घुसतात. पाणी गार होऊ लागलं की धावपळ मंदावते आणि बर्फासारखी ऐसपैस रचना जागोजागी आकार घेऊ लागते. त्या रचनेत एका रेणूला चारच जवळचे शेजारी असतात आणि मध्ये पोकळी राहते. ४ अंशांच्या वर आकसण्याचा जोर जास्त असतो, खाली या पोकळ रचनेचा. पाणी गोठलं की पोकळी पक्की होते. म्हणून ४ अंशांचं एक घनमीटर पाणी जवळपास १००० किलो भरतं आणि तेवढाच बर्फ ९१७ किलो.

पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, हे शाळेत सांगतात. त्याच्या जोडीची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. तापमान एक अंशाने वाढलं की पाणी किती हलकं होतं, हे ते आधीच किती तापलेलं आहे यावर अवलंबून असतं. हजार लिटर पाणी ४ वरून ५ अंशांवर नेलं तर फरक पडतो फक्त ८ ग्रॅमचा. २४ वरून २५ वर नेलं तर २५० ग्रॅमचा, म्हणजे सुमारे तीसपट. थंड सरोवर आणि उष्ण कटिबंधातलं सरोवर इतकी वेगळी का वागतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी या दोन आकड्यांत आहे. ते लक्षात असू द्या, पुढे पुन्हा पुन्हा लागतील.

झाकण कसं बसतं

समशीतोष्ण प्रदेशातलं एखादं खोल सरोवर डोळ्यांसमोर आणा. वसंत ऋतू आहे, बर्फ वितळून गेलाय आणि वरपासून खालपर्यंत सगळं पाणी ४ अंशांच्या आसपास आहे. ऊन वाढायला लागतं. उन्हातली अर्ध्याहून जास्त ऊर्जा पाण्याच्या पहिल्या मीटरभरातच शोषली जाते. तेव्हा नुसत्या उन्हावर सोडलं असतं तर सरोवराचा वरचा एक पापुद्राच गरम झाला असता. पण वारा असतो. वाऱ्याने लाटा उठतात, पाणी ढवळलं जातं आणि वरची ऊब खाली पोचते. सुरुवातीला हे काम सोपं असतं, कारण ४ आणि ६ अंशांच्या पाण्याच्या वजनात फरक नगण्य असतो. वारा एकाला दुसऱ्यात सहज कालवतो.

मग वारा पडलेले चार-सहा कडक उन्हाचे दिवस येतात. वरचं पाणी १०-१२ अंशांवर जातं. आता वाऱ्याला खालचं जड पाणी उचलून वरच्या हलक्या पाण्यात मिसळायचं असतं, म्हणजे वजन उचलण्याचं काम करायचं असतं. पुढचा प्रत्येक अंश हे काम आधीपेक्षा जड करतो. एका टप्प्यावर वाऱ्याची ताकद अपुरी पडते. तो वरचा थर घुसळत राहतो, पण त्याखाली त्याचा हात पोचत नाही. झाकण बसलं.

मोठ्या सरोवरांत भर उन्हाळ्यात हा वरचा थर साधारण १० ते २० मीटर जाडीचा असतो. त्यात सगळीकडे तापमान जवळपास सारखं असतं. त्याखाली एक पट्टा लागतो, जिथे दर मीटरला एखादा अंश किंवा त्याहून जास्त तापमान झपाट्याने उतरतं. याला थर्मोक्लाइन म्हणतात. मी सोयीसाठी ‘मधला थर’ म्हणेन. त्याच्याखाली तळथर, थंड आणि निवांत. उत्तर अमेरिकेतलं सुपीरियर सरोवर सर्वांत खोल जागी ४०६ मीटर आहे. उन्हाळ्यात त्याच्या वरच्या दहा-वीस मीटरांत कितीही ऊब आली तरी तळाशी तापमान ४ अंशांच्या आसपासच राहतं. अमेरिकेत एडवर्ड बर्ज यांनी विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा सरोवरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षं तापमानं मोजली आणि या थरांना आजही वापरात असलेली नावं दिली.

हे घरीही बघता येतं. काचेच्या उभ्या बरणीत अर्ध्यापर्यंत गार पाणी घ्या आणि त्यात थोडा रंग घाला. वर पाण्यावर एक लाकडी चकती तरंगत ठेवून तिच्यावर अगदी सावकाश गरम पाणी ओता. रंगीत पाणी खाली, बिनरंगी वर, मध्ये स्पष्ट रेघ. आता वरून फुंकर घाला. वरचं पाणी ढवळतं, पण रेघ मोडत नाही. बरणी हळूच कलती करून सरळ करा. ती रेघ सावकाश, आळसावल्यासारखी झुलायला लागते. हे झुलणं विसरू नका, कारण मोठ्या सरोवरात तेच मैलोगणती पसरलेलं दिसतं.

झाकणाखाली काय होतं

पाण्यात ऑक्सिजन येतो दोन वाटांनी: हवेतून विरघळून आणि शेवाळ्यासारख्या सूक्ष्म वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणातून. दोन्ही वाटा वरच्या थरातल्या. तळथराला हवा लागत नाही आणि उजेडही पुरत नाही. झाकण बसलं त्या दिवशी तळथरात जेवढा ऑक्सिजन होता, तेवढ्यावर त्याला पुढचा सगळा उन्हाळा काढायचा असतो.

आणि तिथे खर्च चालूच असतो. वर उन्हात शेवाळं वाढतं, मरतं आणि त्याचा चुरा संथपणे खाली झरत राहतो. तळाचे जिवाणू तो कुजवतात आणि त्यासाठी ऑक्सिजन वापरतात. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो ही जमेची बाजू. ४ अंशांच्या पाण्यात लिटरमागे १३ मिलिग्रॅम, तर २५ अंशांच्या पाण्यात ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर. पण शिल्लक पुरेल की नाही हे शेवटी तळथर किती जाड आहे त्यावर ठरतं.

इथे दोन शेजाऱ्यांची तुलना बघण्यासारखी आहे. सुपीरियर आणि ईरी, दोन्ही उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांपैकी. सुपीरियरच्या तळथरात शेकडो मीटर जाडीचं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी असतं आणि वरून झरणारा चुराही कमी. उन्हाळा संपला तरी शिलकीला फारसा धक्का लागत नाही. ईरीच्या मधल्या भागाची सरासरी खोली सुमारे १८ मीटर. तिथे वरचा थर आणि मधला थर आपली जागा घेऊन बसले की तळथराला उरतात जेमतेम काही मीटर. त्यात शेतांतून आणि शहरांतून येणाऱ्या फॉस्फरसवर माजलेलं शेवाळं. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात या तळथरातला ऑक्सिजन संपत जातो आणि हजारो चौरस किलोमीटरच्या तळावर मासे राहू शकत नाहीत. दोन्हीकडे झाकण एकाच जातीचं आहे, पण खालची पुंजी वेगळी.

ऑक्सिजन संपला की तळाच्या गाळाचं रसायनच पालटतं. क्लिफर्ड मॉर्टिमर या शास्त्रज्ञाने इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला हे बारकाईने उलगडून दाखवलं. ऑक्सिजन असेपर्यंत गाळातलं लोह गंजलेल्या रूपात असतं आणि ते फॉस्फरसला धरून ठेवतं. ऑक्सिजन गेला की लोह विरघळतं, पकड सुटते आणि वर्षानुवर्षं गाळात पुरलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतो. पुढच्या घुसळणीत तो वर येतो, नवं शेवाळं पोसतो, ते मरून खाली झरतं आणि पुढच्या उन्हाळ्यात ऑक्सिजन आणखी लवकर संपतो. म्हणूनच बाहेरून येणारी घाण थांबवली तरी काही सरोवरं सुधारायला दशकं घेतात. त्यांच्या पोटातच खताचा साठा असतो. मँगनीजही असंच गाळातून सुटतं. असं पाणी पाणीपुरवठ्याच्या नळात शिरलं तर पिण्याचं पाणी तपकिरी होतं, म्हणून ईरीकाठच्या जलशुद्धीकरण केंद्रांना तळथराच्या हालचालींवर नजर ठेवावी लागते.

मजले मोडतात

शरद ऋतूत रात्री लांबतात, हवा गार होते. सरोवराचा पृष्ठभाग उष्णता गमावतो, वरचं पाणी थोडं गार झालं की थोडं जड होतं आणि खाली बसतं. त्याच्या जागी खालचं किंचित उबदार पाणी वर येतं, तेही गार होतं, तेही बसतं. असं करत वरचा थर गारही होतो आणि जाडही. मधला थर खाली खाली ढकलला जातो. वरच्या आणि खालच्या पाण्यातला फरक दोन-तीन अंशांवर आला की वजनातला फरक इतका कमी राहतो की पुढचं एखादं वादळ काम पुरं करतं. झाकण उडतं. महिनोन्महिने कोंडलेलं पाणी वर येऊन हवेला भिडतं, ऑक्सिजन घेऊन खाली जातं आणि तळाचं पोषण वर आणतं. या घुसळणीला सरोवराचा श्वास म्हणतात, तेव्हा त्यात अलंकार फार थोडा असतो.

पुढे हिवाळ्यात गणित उलटतं. सगळं पाणी ४ अंशांना पोचल्यावर पृष्ठभाग आणखी गार झाला की ते पाणी हलकं होतं आणि वरच थांबतं. म्हणजे आता गार पाणी वर, उबदार पाणी खाली. वर शून्याला बर्फ धरतो आणि वाऱ्याचा संबंधच तुटतो. पाणी इतर द्रवांसारखं वागलं असतं तर सरोवर तळापासून गोठत वर आलं असतं. तसं होत नाही, आणि बर्फाखाली मासे हिवाळा काढतात.

बर्फाखालीही सगळं स्तब्ध नसतं. हिवाळा सरता सरता बर्फावरचं हिम ओसरलं की ऊन स्वच्छ बर्फातून आत शिरतं आणि खालच्या पाण्याला थोडीशी ऊब देतं. ४ अंशांच्या खालचं पाणी तापलं की जड होतं, त्यामुळे ते खाली बसतं आणि बर्फाखालीच संथ घुसळण सुरू होते. सायबेरियातल्या बैकल सरोवरात या घुसळणीवर डायॅटम नावाचं सूक्ष्म शेवाळं तरंगत राहतं आणि बर्फाच्या छताखाली भरभरून वाढतं. मग बर्फ वितळतो, सगळं पाणी पुन्हा ४ अंशांवर येतं आणि वसंतातली दुसरी घुसळण होते. वर्षाचा फेरा पूर्ण.

मोठ्या सरोवराची पाण्याची भिंत

आतापर्यंत सांगितलं ते लहान तळ्यालाही लागू आहे. मोठ्या सरोवरात मात्र वसंत सगळीकडे एका दिवशी येत नाही आणि त्यातून जे घडतं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं.

काठालगतचं पाणी उथळ असतं, ते लवकर तापून ४ अंशांच्या वर जातं. मध्यावरचं खोल पाणी अजून २-३ अंशांवरच असतं. आता गंमत बघा. ६ अंशांचं आणि २ अंशांचं पाणी यांची घनता जवळपास सारखी, कारण दोन्ही ४ पासून सारख्याच अंतरावर आहेत. पण ही दोन पाणी जिथे भेटून मिसळतात तिथे ४ अंशांचं पाणी तयार होतं, आणि ते दोन्ही आईबापांपेक्षा जड असतं. ते सरळ खाली बुडतं. त्याची जागा घ्यायला दोन्ही बाजूंनी पाणी येतं, तेही मिसळतं, तेही बुडतं. काठाला समांतर, कित्येक किलोमीटर लांब अशी बुडत्या पाण्याची एक उभी भिंत तयार होते. स्विस शास्त्रज्ञ फ्रान्स्वा फोरेल यांनी जिनिव्हा सरोवरात हे एकोणिसाव्या शतकातच टिपलं होतं. पुढे उत्तर अमेरिकेतल्या ओंटारिओ सरोवरात त्याचा सविस्तर अभ्यास झाला.

दोन्हीकडचं पाणी भिंतीशी येऊन बुडतं, त्यामुळे वरवरच्या पाण्याला ती सहजासहजी ओलांडता येत नाही. वसंतात नद्यांचं पाणी वितळलेल्या बर्फासोबत माती, खत आणि शहरांचं सांडपाणी घेऊन येतं. ते सगळं काठाच्या पट्ट्यात अडकून पडतं. म्हणून वसंतातलं शेवाळं आधी काठाला फुलतं, मध्य भाग बराच काळ निर्मळ राहतो. ऊन वाढेल तशी भिंत रोज थोडी आत सरकते आणि काही आठवड्यांनी, थंड सरोवरांत अगदी उन्हाळा उजाडल्यावर, मध्यावर पोचून विरून जाते. त्यानंतरच सगळ्या सरोवरावर झाकण बसतं.

वारा आणि आतली लाट

आता बरणीतल्या त्या झुलणाऱ्या रेघेकडे येऊ. वारा एका दिशेने दोन-तीन दिवस वाहत राहिला की वरचं पाणी पुढच्या काठाशी साचतं. पृष्ठभाग किती चढतो? फार तर काही सेंटीमीटर, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा. पण आत काय होतं ते बघा. २० अंशांच्या आणि ५ अंशांच्या पाण्याच्या घनतेत फरक आहे ०.२ टक्क्यांहूनही थोडा कमी. पृष्ठभागावर पाणी आणि हवा यांची सीमा असते, त्यामुळे पाण्याला पुरं वजन असतं. आतल्या सीमेवर मात्र फक्त हा फरकच वजन म्हणून काम करतो. तेव्हा वरच्या २ सेंटीमीटर चढाचा तोल राखायला मधल्या थराला १० मीटरहून जास्त खाली दबावं लागतं. दुसऱ्या काठाला तो तेवढाच वर उचलला जातो. काठावर उभ्या माणसाला सपाट पाणी दिसत असतं, आणि आत एवढा मोठा उतार झालेला असतो.

वारा थांबला की हा उतार सरळ व्हायला निघतो, पलीकडे जातो, परत येतो. आतली लाट झुलायला लागते. तिला मागे ओढणारं वजन क्षीण असल्यामुळे ती अतिशय सावकाश असते. स्कॉटलंडच्या लॉख नेसमध्ये पृष्ठभागाचा हेलकावा अर्ध्या तासाचा असतो. आतल्या लाटेला एक फेरा घ्यायला दोन-तीन दिवस लागतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन मरे यांच्या पुढाकाराने स्कॉटलंडच्या सरोवरांची मोजणी चालली होती, तेव्हा ही लाट तिथे ओळखली गेली. एकाच खोलीवरचं तापमान रोज वर-खाली होताना दिसत होतं आणि उन्हाशी त्याचा मेळ बसत नव्हता. मोजणाऱ्यांनी ते मोजमापातली चूक म्हणून सोडून दिलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

जिथे मधला थर उचलला जातो तिथे जोराचा वारा असेल तर तळथरातलं पाणी थेट पृष्ठभागावर येतं. मिशिगन सरोवराच्या किनाऱ्यावर ऐन उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत पाण्याचं तापमान १० अंशांनी कोसळू शकतं. काल पोहण्याजोगं असलेलं पाणी आज हाडं गोठवतं.

एवढ्या मोठ्या सरोवरांत पृथ्वीचं फिरणंही हिशेबात धरावं लागतं. उत्तर गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे वळतं. त्यामुळे वाऱ्याने पाणी साचतं ते फक्त वाऱ्याच्या पुढ्यात नाही, तर त्याच्या उजव्या हाताच्या किनाऱ्यालाही, आणि डाव्या हाताचा किनारा उघडा पडून तिथे थंड पाणी वर येतं. मिशिगनमध्ये वादळानंतर मध्यावरचं पाणी सुमारे १७ तासांत एक अशी वर्तुळं काढत फिरत राहतं. आतली लाटही इथे नुसती पुढे-मागे झुलत नाही, तर काठाला चिकटून, काठ उजव्या हाताला ठेवून सरोवराला वळसा घालते.

वरच्या थरातली एक खूण साध्या डोळ्यांनाही दिसते. वारा असताना पाण्यावर फेसाच्या, पानांच्या लांबच लांब समांतर रेषा पडतात. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्विंग लँगम्यूर यांनी समुद्रात तशा रेषा पाहिल्या, मग लेक जॉर्जमध्ये प्रयोग करून १९३८ मध्ये दाखवलं की त्याखाली पाण्याच्या आडव्या, उलटसुलट फिरणाऱ्या वेटोळ्या असतात. दोन वेटोळ्या जिथे भेटून खाली वळतात तिथे तरंगतं सगळं रेषेत गोळा होतं.

जिथे घुसळण तळापर्यंत पोचतच नाही

वर सांगितलेला फेरा वर्षातून दोन घुसळणींचा. जिथे हिवाळा इतका कडक नसतो की पाणी ४ अंशांखाली उतरेल, तिथे एकच मोठी घुसळण होते, हिवाळ्यात. जपानचं बिवा आणि युरोपातलं जिनिव्हा ही अशी सरोवरं. उथळ सरोवरांत तर थर आठवड्यात बसतात आणि एका वादळात मोडतात.

आणि काही सरोवरं कधीच पुरती घुसळत नाहीत. पूर्व आफ्रिकेतलं टांगानिका सुमारे १४७० मीटर खोल आहे. तिथल्या वरच्या आणि तळाच्या पाण्यात फरक असतो जेमतेम तीन-चार अंशांचा. इतक्या थोड्या फरकाने काय होणार, असं वाटेल. इथे सुरुवातीचे आकडे कामाला येतात. २३ ते २७ अंशांच्या टापूत तीन अंशांनी वजनात जेवढा फरक पडतो, तेवढा ४ अंशांच्या पाण्याला आठ अंश तापवूनही पडत नाही. शिवाय ते झाकण सैल करायला तिथे हिवाळाच येत नाही. परिणामी १०० ते २०० मीटरच्या खाली, हजाराहून जास्त मीटर पाण्यात, ऑक्सिजन नाही. टांगानिकाच्या माशांची सगळी दुनिया वरच्या पातळ पट्ट्यात आहे. तिला पोषण मिळतं ते मे ते सप्टेंबरच्या आग्नेय वाऱ्यांमुळे. ते मधल्या थराला तिरकं करतात, दक्षिण टोकाला खालचं सुपीक पाणी वर ओढतात आणि त्यानंतर आतली लाट कित्येक महिने झुलत थोडं थोडं पोषण वर देत राहते.

कधी झाकण तापमानाचं नसून विरघळलेल्या क्षारांचं आणि वायूंचं असतं. किवू सरोवराचं तळपाणी वरच्यापेक्षा उबदार आहे, तरी क्षारांच्या वजनाने ते खालीच राहतं आणि त्यात प्रचंड प्रमाणात कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन साठलाय. रवांडात त्या मिथेनवर वीजही बनवतात. असं झाकण एकाएकी उडालं तर काय होतं हे कॅमेरूनमधल्या न्योस सरोवराने दाखवलं. २१ ऑगस्ट १९८६च्या रात्री तळाचं कार्बन डायऑक्साइडने भारलेलं पाणी वर उसळलं, दाब सुटताच वायू मोकळा झाला, हवेपेक्षा जड असल्याने दऱ्यांमधून जमिनीलगत वाहत गेला आणि झोपेतच सुमारे १७०० माणसं गेली. २००१ पासून तिथे तळापर्यंत सोडलेल्या नळातून वायू थोडा थोडा बाहेर काढला जातो.

या सगळ्यात बैकल हे कोडंच होतं. १६४२ मीटर खोल, जगातलं सर्वांत खोल सरोवर. एवढ्या खोलीवर टांगानिकासारखा मृत तळ असायला हवा. पण बैकलच्या तळाशी ऑक्सिजन आहे, जीव आहेत. उत्तर दाबात सापडतं. पाणी ४ अंशांना सर्वांत जड, हे पृष्ठभागापुरतं खरं आहे. खोली वाढेल तसा दाब वाढतो, बर्फासारखी ती ऐसपैस रचना दाबाखाली टिकत नाही आणि सर्वांत जड पाण्याचं तापमान दर १०० मीटरला सुमारे ०.२ अंशाने उतरत जातं. आता हिवाळ्याच्या तोंडाशी वरचं पाणी, समजा, ३ अंशांवर आलंय. पृष्ठभागाजवळ ते खालच्या साडेतीन अंशांच्या पाण्यापेक्षा हलकं असतं, आपण होऊन बुडणार नाही. पण वाऱ्याने ते काठाला रेटलं आणि चारेकशे मीटर खाली दाबलं, तर तिथे नियम बदललेला असतो. त्या दाबाखाली गार पाणीच अधिक जड ठरतं. मग वाऱ्याची गरज उरत नाही. ते स्वतःच्या वजनाने, उताराला धरून, थेट तळापर्यंत जातं आणि वरची ताजी हवा सोबत नेतं. संपूर्ण सरोवर उलथून पडत नाही, काठाकाठाने असे घास तळाला पोचत राहतात.

उशिरा येणारा हिवाळा

हवा तापते आहे आणि वरच्या पाण्याचा प्रत्येक जास्तीचा अंश झाकण घट्ट करतो. सुपीरियरमध्ये गेल्या काही दशकांत उन्हाळी पाणी हवेपेक्षाही वेगाने तापलं. हिवाळी बर्फ कमी धरला की वसंत लवकर सुरू होतो, झाकण लवकर बसतं आणि पातळ वरच्या थराला तापायला जास्त दिवस मिळतात. समशीतोष्ण प्रदेशातल्या ३९३ सरोवरांच्या नोंदी एकत्र करून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १९८० नंतर वरच्या पाण्यातला ऑक्सिजन सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटलेला दिसला, आणि खोल पाण्यातला सुमारे साडेअठरा टक्क्यांनी. वरची घट मुख्यतः पाणी तापल्यामुळे, कारण गरम पाण्यात वायू कमी मावतो. खोलातली घट मात्र बहुतांशी झाकणाची आहे.

एकच घुसळण असलेल्या सरोवरांना याची झळ आधी बसते, कारण त्यांना दुसरी संधी नसते. एखादा हिवाळा ऊबदार गेला की तळथराला मागच्या वर्षीच्याच शिलकीवर आणखी एक उन्हाळा काढावा लागतो. जिनिव्हा सरोवर ३०९ मीटर खोल आहे. ते २०१२च्या हिवाळ्यात तळापर्यंत घुसळलं, आणि त्यानंतर कित्येक हिवाळे आले आणि गेले तरी घुसळण तळापर्यंत पोचली नाही.

बिवा त्या मानाने उथळ, सर्वांत खोल जागी १०४ मीटर. तिथले लोक हिवाळी घुसळणीला बिवाचा ‘दीर्घ श्वास’ म्हणतात आणि १९७९ पासून दरवर्षी तळाचा ऑक्सिजन मोजून तो श्वास पुरा झाला की नाही ते बघतात. २०१९ पर्यंत एकही वर्ष चुकलं नव्हतं. त्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या सर्वांत खोल भागात श्वास तळापर्यंत पोचला नाही. २०२०च्या हिवाळ्यातही नाही. २०२१च्या हिवाळ्यात थंडी कडक पडली, आणि फेब्रुवारी लागताच मोजणी करणाऱ्यांना खोल पाण्यात वरच्याएवढाच ऑक्सिजन मिळाला.